गाडीतल्या डब्यांची हजेरी

पाथर्डीत माझ्याबद्दल असं बोललं जातं, की हा माणूस बोनेटला कान लावून गाडीचा आजार सांगतो. हे बोलणं सुरू मीच केलं होतं. ते गावभर फिरून माझ्याकडं परत आलं तेव्हा मलाही ते खरं वाटायला लागलं. तीस वर्षं झाली, स्टँडच्या मागं माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. हॉर्न वाजत नाही, दिवा लागत नाही, सेल्फ घेत नाही, असं काहीबाही घेऊन लोक येतात. मी आधी मान हलवतो, मग "हं" म्हणतो आणि मग हात लावतो. यातलं "हं" सगळ्यात महत्त्वाचं. गिऱ्हाईकाचा निम्मा जीव तिथंच भांड्यात पडतो.

त्या "हं"ला भीक घातली नाही ती एका जीपनं.

जीप डोंगरापलीकडच्या गावातल्या एका बाईंची. मी त्यांना ताई म्हणतो. नवऱ्याची कंबर गेली तेव्हापासून गाडी त्याच चालवतात. गावातल्या अकरावी-बारावीच्या नऊ पोरींना रोज सकाळी घाट उतरून पाथर्डीच्या कॉलेजात आणायचं आणि दुपारी परत न्यायचं, हे त्यांचं काम. एसटी त्या गावाला जाते, पण तिची वेळ आणि कॉलेजची वेळ यांचं आजवर कधी जमलेलं नाही. त्यामुळं जीप आहे तोवर त्या पोरींचं कॉलेज आहे.

पावसाळ्यात ही जीप घाटात मध्येच मान टाकायला लागली. मीटरवरचे दोन-चार दिवे पेटायचे, इंजिन गपकन बंद व्हायचं आणि दहा मिनिटांनी काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू व्हायची. माझ्या दारात आणली की अगदी गुणी. मी पहिल्या खेपेला बॅटरी बदलली. दुसऱ्या खेपेला रिले बदलला. तिसऱ्या खेपेला डिझेलचा फिल्टर बदलून घ्यायला लावला, तो तर माझा विषयही नव्हता. चौथ्या खेपेला बदलण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा मी ताईंवर आलो. शेजारच्या चहाच्या टपरीवर चार माणसं उभी होती. त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालो, "गाडी ओके हाय. चालवणाराचा पाय बसत न्हाई क्लचवर. बाईमानसाचं काम हाय का घाट चढवायचं?" माणसं हसली. मीही हसलो. ताईंनी किल्ली उचलली आणि त्या गेल्या.

नवरात्र बसलं त्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. पोरींना कॉलेजला सोडून सरळ दुकानात. उभ्या उभ्याच बोलल्या.

"मिस्तरी, गावात बैठक झाली. नऊमधल्या पाच पोरींचे आईबाप ऊस तोडायला जाणारेत. पोरींना आजी-आज्यापाशी ठेवायचं का संगट न्यायचं, ते ठरवायलेत. जीप आणिक एकदा बंद पडली तर संगट न्यायचं, असं म्हणत्यात. एकदा उसाच्या फडावर गेली की पोरगी कालिजात परत येत न्हाई, तुमाला म्हाईत हाय."

मला माहीत होतं. पाथर्डीत कुणाला माहीत नाही? मी "हं" म्हणालो, पण या खेपेला कुणाचाच जीव भांड्यात पडला नाही.

त्या दुपारी मी काष्टीच्या माझ्या जुन्या दोस्ताला फोन लावला. तो ट्रॅक्टरचं वायरिंग करतो आणि माझ्यापेक्षा हुशार आहे, हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही. सगळं ऐकून तो म्हणाला, "तुझा कान ठेव आता बाजूला. या नव्या गाड्यांत जागोजागी कॉम्प्युटरचे डबे असतात. इंजिनचा एक, ब्रेकचा एक, मीटरचा एक. ते दोन वायरींवरून सारखे एकमेकांशी बोलत असतात. ते बोलणं लॅपटॉपवर बघता येतं. सॉफ्टवेअर असतंय त्याचं."

"मला म्हाईत हाय की," मी म्हणालो. मला काडीचंही माहीत नव्हतं.

नगरला जाऊन एक जुना लॅपटॉप आणला. काडेपेटीएवढी एक डबीही आणली. तिची एक वायर गाडीच्या स्टेअरिंगखालच्या सॉकेटात जाते आणि दुसरी लॅपटॉपात. दुकानदारानं सांगितलं, सोपं आहे, दहा मिनिटांत सुरू होतं. मला पाच दिवस लागले.

ठरलं असं की ताईंनी सकाळी पोरींना सोडून जीप माझ्या दारात लावायची आणि दुपारी घेऊन जायची. पहिला दिवस सॉफ्टवेअर बसवण्यात गेला. इंग्रजीत काही विचारलं की मी "नेक्स्ट" दाबायचो. लॅपटॉप काय विचारत होता, ते अजूनही मला ठाऊक नाही. त्याला बहुधा माझी शेतीवाडीही लिहून दिली असेल. शेवटी एक मोठी पांढरी खिडकी उघडली, वर चौकटी आणि खाली कोरं. डबीवरचा हिरवा दिवा लागला. टपरीवरची मंडळी चहाचे ग्लास घेऊन दुकानात आली.

दुसऱ्या दिवशी ती खिडकी दिवसभर कोरीच राहिली. मी वायरी काढल्या, लावल्या, फुंकल्या. डबी बदलून मागायची म्हणून नगरच्या दुकानदाराशी फोनवर भांडलो. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "गाडीची किल्ली ऑन आहे ना?" किल्ली माझ्या खिशात होती. तीस वर्षांत मी किती गिऱ्हाइकांना झापलं असेल, की आधी किल्ली फिरवा आणि मग तक्रार करा. मी फोनवर म्हणालो, "आवाज येईना तुमचा," आणि ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी किल्ली फिरवली. आता सॉफ्टवेअर वेग विचारायला लागलं. डबे किती वेगानं बोलतात ते आधी सांगावं लागतं, तरच त्यांचं बोलणं कळतं. अडीचशे की पाचशे? मला वाटलं, घाटातली गाडी आहे, हळू बोलत असेल. अडीचशे दाबलं. पुढच्या क्षणी जीपच्या समोरच्या मीटरवर होते नव्हते तेवढे दिवे लागले. इंजिनचा, ब्रेकचा, एअरबॅगचा, आणि एक तर मी जन्मात न पाहिलेला. वायपर आपोआप फिरायला लागला. टपरीवरच्या एकानं विचारलं, "मिस्तरी, हे काय?" मी म्हणालो, "चेकिंग चाललंय." वायर उपटली तेव्हा कुठं दिवे विझले. दुपारी ताई आल्या, त्यांनी नुसतं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि पोरींना आणायला गेल्या. घाटात गाडी बंद पडली तर काय, या विचारानं मला जेवण गेलं नाही. त्या दिवशी पडली नाही.

चौथ्या दिवशी मी सगळं काढून पुन्हा बसवलं. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

पाचव्या दिवशी बायको रजेवर होती. ती अंगणवाडीत सेविका आहे. मुलांची वजनं, उंच्या, हजेरी, पोषण आहार, सगळं मोबाईलवर भरते, आणि ते भरताना मोबाईल अडला तर दमानं सुरू करते. जेवणाचा डबा घेऊन दुकानात आली, पाच मिनिटं माझ्या मागं उभी राहिली. मग म्हणाली, "अहो, सरका जरा." मी सरकलो. तिनं चष्मा लावला आणि मी चार दिवस न वाचलेलं सगळं एकेक ओळ करून वाचायला लागली.

"इथं एक खूण करायची राहिलीये. फक्त ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही, असं लिहिलंय. तुम्ही ती केली नाही म्हणून तुमची डबी त्या डब्यांच्या बोलण्यात तोंड घालत होती. वेगही चुकीचा, त्यामुळं घातलं ते वेड्यासारखं घातलं."

"मंग कर खूण."

"करते. पण नुसतं ऐकायचं तुम्हाला जमणार आहे का?" असं म्हणून ती पदराआड हसली. वेग तिनं पाचशेवर नेला आणि मला किल्ली फिरवायला सांगितलं.

कोऱ्या खिडकीत आकडे धो-धो पडायला लागले. आकडे आणि अक्षरं, इतकी की डोळे फिरले. मला खरं सांगायचं तर रडू आलं. आनंदाचं नव्हे. आता हे वाचणार कोण, म्हणून. मी म्हणालो, "जाऊ दे, आपल्याच्यानं होणार न्हाई हे." तिनं कुठलंसं बटण दाबलं आणि धो-धो थांबून एक यादी उभी राहिली. डाव्या बाजूला नंबर, पुढं त्याचे आकडे, शेवटी दर किती वेळानं तो नंबर बोलतो ते.

"ही हजेरी आहे," ती म्हणाली. "प्रत्येक डबा सारखा आपला नंबर सांगतोय, हजर, हजर. बाकीचं तुम्ही सोडून द्या. कोण कुठला ते आधी शोधू."

मग दीड तास मी जीपमध्ये बसून ती सांगेल ते करत होतो. ब्रेक दाबा. सोडा. अ‍ॅक्सिलरेटर दाबा. दिवा लावा. मी ब्रेक दाबला की यादीतल्या एका नंबराचे आकडे हलायचे, ती वहीत लिहायची, "ब्रेक". अशी तिनं मीटर, ब्रेक, इंजिन सगळ्यांची नावं काढली. टपरीवरचे लोक म्हणाले, वहिनी मिस्तरीला शिकवतात. मी म्हणालो, तिला शिकवतोय. बायकोनं ऐकलं, पण ती भली बाई आहे.

आता दुखणं प्रत्यक्ष पकडायला हवं होतं, आणि ते घाटातच व्हायचं. पोरी गाडीत असताना ते करायची आमची कुणाचीच छाती नव्हती. म्हणून रविवार धरला. नऊ पोरींच्या वजनाच्या बदल्यात माझ्या शेजाऱ्याच्या गोठ्यातली सरकी पेंडीची पोती जीपमध्ये भरली. ताई स्टेअरिंगवर, मी त्यांच्या शेजारी आणि बायको मांडीवर लॅपटॉप घेऊन मागं पोत्यांत. लॅपटॉप आधी मीच घेतला होता. पण पहिल्या वळणाला पडद्याकडं बघून मला मळमळायला लागलं आणि गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला उलटी झाली. इलेक्ट्रिशियन गाडी लागून ओकतो, हे ताईंनी पहिल्यांदाच पाहिलं असणार. त्यांनी मला पाणी दिलं.

मी ताईंचा पाय बघत होतो. क्लचवरचा. तो पाय माझ्यापेक्षा सुबक चालत होता. प्रत्येक वळणाला गिअर असा पडत होता की पोती हलत नव्हती. ते बघून मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

तिसऱ्या वळणाला रस्ता फुटलेला होता. गाडी खड्ड्यात आदळली आणि मागून बायको शांतपणे म्हणाली, "इंजिन गैरहजर." लगेच दिवे लागले आणि जीप बंद पडली. ताईंनी हँडब्रेक ओढला. बायको म्हणाली, "बाकी सगळे हजर आहेत. एकटं इंजिनच गप्प आहे."

एवढ्यानं मला कळलं. डबा मेला असता तर परत सुरू झाला नसता. डबा चांगला आहे, त्याच्याकडं जाणाऱ्या वायरीत कुठंतरी खोट आहे, आणि हादरा बसला की ती तुटते. मी बोनेट उघडलं, इंजिनच्या डब्यापासून निघालेली ती दोन वायरींची जोडी बोटांनी चाचपत मागं मागं गेलो. पुढच्या चाकावरच्या पत्र्यामागं बोटाला टेप लागला. टेप पिवळा होता. पाथर्डीत सगळे काळा टेप लावतात. पिवळा एकटा मी लावतो, आपलं काम ओळखू यावं म्हणून.

टेप उलगडला. दोन्ही वायरींवर शेजारी शेजारी बारीक भोकं होती, सुईची. आम्हा वायरमन लोकांची जुनी सवय आहे. वायर कापायची नाही, सोलायची नाही, टेस्ट लॅम्पच्या सुईनं वरच्या प्लास्टिकला टोचायचं आणि आत करंट आहे का बघायचं. जुन्या गाड्यांत कधी काही झालं नाही. उन्हाळ्याच्या शेवटी ताईंनी माझ्याकडून नवा हॉर्न बसवून घेतला होता. हॉर्नला करंट शोधताना मी या वायरींना टोचलं, नको ती वायर आहे असं दिसल्यावर वर टेप गुंडाळला आणि विसरलो. पावसाळाभर चाकानं उडवलेलं पाणी त्या भोकांतून आत गेलं. आतली तार हिरवीगार गंजली होती. मी नखानं हलवली तर एक केस तेवढा उरला होता, तोही तुटला.

ताई माझ्या मागं उभ्या होत्या. "सापडलं का, मिस्तरी?"

वायरिंगच्या धंद्यात उंदीर फार उपयोगी प्राणी. काहीही झालं की उंदरानं कुरतडलं म्हणायचं. गिऱ्हाईक मान डोलावतं आणि उंदीर काही साक्ष द्यायला येत नाही. माझ्या तोंडात उंदीर आला होता, खोटं कशाला बोलू. पण बायको जीपच्या दारातून माझ्याकडं बघत होती. तिला पिवळा टेप दिसला होता.

"सापडलं," मी म्हणालो. "माझंच हाय. म्या टोचलेली सुई हाय ही. तुमच्या पायाचं काही न्हाई, ताई. कधीच नव्हतं."

ताईंनी वाकून वायर बघितली. मग म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपेग? गावात चला."

वायर तिथंच कापून, नवा तुकडा घालून, कथलाचा डाग देऊन जोडली. गाडी सुरू झाली. यादीत सगळे हजर झाले आणि आम्ही पोत्यांसकट घाट चढून गावात गेलो. ताईंनी शाळेच्या ओट्यावर पोरींच्या बापांना बोलावून घेतलं. मला वाटलं, लॅपटॉप दाखवून नीट समजावून सांगावं. पण त्याची बॅटरी संपली होती, पडदा काळा. मी तो काळा पडदा धरून डबे, नंबर, वेग असं बरंच बोललो. बोलण्याची सवय. कुणाला काही कळत नव्हतं, आणि मलाही ते मनातून हवंच होतं. शेवटी एक जण म्हणाला, "मिस्तरी, थोडक्यात सांगा. चूक कुनाची हुती?"

"माझी," मी म्हणालो.

"आन् मंग टपरीवर तुमी बाईच्या नावानं बोलत हुतां ते?"

"ते खोटं हुतं. मला फॉल्ट सापडत नव्हता म्हणून बोललो."

कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. आठ जणांनी तिथंच सांगितलं की पोरी जीपनं जातील, ज्यांना ऊसतोडीला जायचं ते पोरींना आज्यांपाशी ठेवतील. मी आठ मोजले आणि नववा कुठाय विचारलं. त्याच्या ऊसतोड टोळीचा ट्रक आधीच येऊन गेला होता, गुरुवारी. अकरावीतली पोरगी संगट गेली होती. गुरुवारी मी सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवत होतो.

ताईंनी तिच्या बापाला फोन लावून माझ्या हातात दिला. मी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी थोडक्यात. पलीकडून तो म्हणाला, "बरं झालं गाडी नीट झाली ते. आमचं आता न्हाई जमायचं, मिस्तरी. धाकटा लई बारका हाय, ती सांभाळतीया. पट्टा पडला, कारखाना बंद झाला की मंग बघू." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मी म्हणालो, पोरीला द्या फोन.

तिला काय सांगायचं ते मी ठरवलेलं नव्हतं. तीच बोलली. "मामा, गाडी ताईंमुळं बंद पडत नव्हती ना?"

"न्हाई गं. माझ्यामुळं पडत हुती."

"मी घरी तेच सांगत हुते," ती म्हणाली. "ताई चांगली चालवत्यात म्हणून. पण आमचे आण्णा म्हणले, मिस्तरीला जास्त कळतंय का तुला."

मागं कुणाचं तरी बारकं पोर रडायला लागलं. ती म्हणाली, "ठेवते, मामा," आणि तिनं फोन ठेवला.